पंगतीतून उठलेल्या विहीणबाईंस

विद्यानगर, हैदराबाद
३ नोव्हेंबर, सोमवार

पद्मावतीबाई,

पत्र भामाचं आहे. पाकीट फोडलंच आहे तर आता पुरतं वाचा. सत्तावीस वर्षांत तुम्हाला पहिल्यांदा लिहायलेय. फोनच केला असता, पण तुमचा नंबर लावला की ती मशीनमधली बाई म्हणते, व्यस्त आहेत. दोन दिवस झाले, व्यस्तच आहात. आपल्या वयाच्या बाईला एवढं काम कुठलं? शेवटी गौतमनं सांगितलं की तुम्ही माझा नंबर अडवून ठेवलाय. असू दे. पत्राला अडवायची सोय अजून निघालेली नाही.

तुमच्या दिगंबरची वकिली नोटीस शनिवारी मिळाली. पोस्टमन रजिस्टर घेऊन आला तेव्हा मला वाटलं, पोरानं गुपचूप कुठं नोकरीला अर्ज केला असेल, देव पावला. उघडलं तर ही. गौतम म्हणजे माझ्या कविताचा नि तुमच्या संदीपचा लेक, तुमचा सख्खा नातू, दिगंबरचा सख्खा पुतण्या. नोटिशीत त्याला ‘इसम क्रमांक दोन’ म्हटलंय. क्रमांक एक ती गाण्याची कंपनी. क्रमांक तीन मी. चौथी झालेल्या बाईला कळावं असं त्यात काहीच नाही, पण त्या चार ओळी मात्र दिगंबरनं स्वच्छ टाइप केल्यात आणि खाली रेघ ओढलीय:

सुलतानबाजारच्या विहीणबाई बसल्या पाटावर,
नको नको म्हणती तोंडानं, डोळा ताटावर.
वाढा गं वाढा हात सोडून, लाडू मोजू नका,
चार गेले पदराखाली, कुणाला सांगू नका.

हे गाणं तुमच्यावर आहे असं तुम्हाला का वाटावं? सुलतान बाजारात काय एकच विहीण राहते? हे जुनं गाणं आहे. बायका म्हणतात. कुणी रचलं, देवाला ठाऊक.

आता कामाचं. संदीपराव आणि कविता बदलीमुळं विशाखापट्टणमला, म्हणून पोरगं तीन वर्षं माझ्याकडं आहे. तीन वर्षं त्या चौघांचं ते ‘फोर मिनार’ चाललं होतं. बँड म्हटल्यावर मला वाटलं वाजवतात काही. एक पिपाणीसुद्धा नाही. चौघं एका रंगाचे कपडे घालून नाचतात आणि बाजा मशीन वाजवतं. चेतन नावाचा एक पोट्टा पुढं, तोच सगळं गाणार. आमचा मागं. त्याच्या वाट्याला ‘हो हो’ आणि शेवटी एकदा ‘हे’. सहा महिन्यांपूर्वी त्यानं ते सोडलं. ते तिघं अजून नाव फोर मिनारच लावतात, लाज नाही.

आता हा एकटा गाणार. कंपनीनं नाव पण बदललंय, ‘जीटी’ म्हणे. मी म्हटलं, नाव बदलायला तू काय सासरी चाललास? पहिलं गाणं कुठलं असावं यावर चार महिने गेले. मग एक दिवस मी गच्चीत गहू निवडत बसले होते, तोंडाला चाळा म्हणून गुणगुणत होते, आणि यानं मागून फोनवर भरून घेतलं. कंपनीतल्या लोकांना मराठी येत नाही, आणि गौतमला मराठी येतं तेवढं मला इंग्रजी येतं. सगळ्यांना फार आवडलं. ‘आज्जी, ये गाना किसका है?’ असं त्यानं विचारलं होतं, खोटं कशाला बोलू. जुनं आहे, म्हटलं. तेवढंच म्हटलं.

तर त्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा फोनवर सोडलाय, तो तुम्ही बघितलात. अफझलगंजच्या पुलावर, काळा चष्मा लावून, वीस-बावीस वर्षांच्या पोरीकडं बोट करून पोरगं तिला विहीणबाई म्हणायलंय. विहीण म्हणजे कोण, हे ना त्याला ठाऊक, ना तिला. तुमची अब्रू त्यात गेली असेल तर मला तरी दिसली नाही.

कंपनीचं म्हणणं, वीस तारखेपर्यंत तुमच्या सहीचा कागद द्या की हरकत नाही, नाहीतर गाणं रद्द. गाणं रद्द तर गौतमही रद्द. मागं त्या तिघांकडं जाता येत नाही, त्यांनी ‘हो हो’ म्हणायला मशीन लावलंय. पोरगं तीन दिवस जेवलेलं नाही. माझ्या हातचं न जेवणारा माणूस मी आजवर एकच बघितलाय.

सही करून पाठवा.

भामाबाई


विद्यानगर
७ नोव्हेंबर

पद्मावतीबाई विहीणबाई,

तुमचं उत्तर पोचलं. अक्षर चांगलं आहे. तीन पिढ्या कोर्टकचेरीत नि सरकारी नोकरीत गेल्या की अक्षर असंच येत असणार. आमच्याकडं तीन पिढ्यांनी नांगर धरला, त्यामुळं माझं अक्षर तुम्हाला सरीसारखं वाटेल. चालवून घ्या.

तुम्ही लिहिता, मी असा कागद द्यावा: ‘सदर गीत मी स्वतः रचले. ते असत्य आहे. त्याबद्दल मी दिलगीर आहे.’ असा कागद आला की तुम्ही सही करणार.

पहिलं वाक्य लिहिते. मीच रचलं. सकाळी अकराच्या सुमाराला, पुऱ्या लाटता लाटता. मागच्या पत्रात देवाला ठाऊक म्हटलं, ते खोटं नव्हतं, त्याला ठाऊकच होतं.

पण बाई, तुम्ही ते शिवी म्हणून घेतलंत ना, तिथं सगळा घोटाळा झालाय. आमच्याकडं विहिणींची पंगत बसली की मुलीकडच्या बायका वरमाईला गाण्यातून चिडवतात. तिच्या नाकाला बोलतात, तिच्या नवऱ्याच्या पोटाला बोलतात. जितकं झोंबेल तितका मान. मग वरमाईकडच्या बायका उलटं गातात, त्यात आमचे वाभाडे निघतात, सगळ्या हसतात आणि भात येतो. तुमच्याकडंही पंगतीत ‘विहीण’ गातात, मला मागून कळलं, पण ती म्हणे गोड असते. मोगरा, केवडा, पायघड्या. हे आधी कुणी आपसात बोललं असतं तर बरं झालं असतं. पण तेव्हा सगळ्यांचा वेळ पोरांनी आपल्या मनानं जमवलं कसं, यावरच रडण्यात गेला. शेतकऱ्याची लेक आणि तुमच्या घरात. आणि वकिलाचा लेक माझ्या घरात, हे माझंही दुःख होतं, ते कुणी विचारलं नाही.

मी चार ओळी म्हटल्या आणि तुम्ही भरल्या ताटावरून उठलात. वरमाई पंगतीतून उठली. दीडशे माणसं हात ताटात धरून बसली होती. माझ्या सासूबाई म्हणाल्या, ‘भामे, आता गा पुढचं.’ पुढच्या तीन कडव्यांची मी तयारी केली होती, विहीणबाई. ती तशीच राहिली.

काल मी गौतमला बसवून सगळं सांगितलं. विहीण म्हणजे नवऱ्याची नाहीतर बायकोची आई, आणि ही विहीण म्हणजे तुझी सुलतानबाजारची आजी. पोराचं तोंड असं झालं की मला आधी वाटलं घास अडकला. ‘म्हणजे ये लव्ह साँग नाहीये?’ म्हटलं, अरे येड्या हौल्या, त्यात लाडू आहेत, पाट आहे, प्रेम तुला कुठं दिसलं? म्हणतो, डोळा ताटावर म्हणजे मला वाटलं डीप काहीतरी.

दुसरं वाक्य मात्र मी लिहिणार नाही. असत्य आहे असं कसं लिहू? मी बघितलं होतं. लाडवांचं ताट तुमच्यापुढून गेलं, तुम्ही ‘नको हो, एकच’ म्हणालात, वाढपी वळला, आणि तुम्ही उजव्या हातानं पदर सावरलात. जेवताना उजव्या हातानं पदर कुणी सावरत नाही. चार लाडू होते. त्या ओळीच्या जागी आधी मी तुमच्या मेहुण्याच्या टकलाचं काहीतरी बांधलं होतं, ते ऐनवेळी बदललं, कारण समोर जास्त चांगलं दिसलं.

असं आहे. माझ्या सहीनं मी खोटं लिहून देणार नाही, नातवासाठीसुद्धा नाही. एकदा दिलं की ते दिगंबरच्या फायलीत राहणार, आणि मी मेल्यावरही लोक म्हणणार भामा खोटं गायची. वाईट गायची म्हणू देत.

विद्यानगरहून सुलतान बाजारला पोस्टानं पत्र जायला दोन दिवस लागतात, तेवढ्यात माणूस पंढरीला पायी जाऊन यायचा नाही पण निम्म्यात तरी पोचेल. म्हणून हे मी स्वतः आणून तुमच्या जिन्याखालच्या पेटीत टाकतेय. वर येत नाही. गुडघे दुखतात. दुसरं काही समजू नका.

भामाबाई


विद्यानगर
१२ नोव्हेंबर

विहीणबाई,

तुम्ही मला गॅलरीतून बघितलं आणि हाक मारली नाहीत, हे तुम्ही गौतमला सांगितलंत. मीही तुम्हाला बघितलं होतं. पिवळं पातळ होतं. असो.

पोरगं परवा तुमच्याकडं येऊन पाया पडून गेलं, हे मला न विचारता. परत आलं ते डबा घेऊन. तुम्ही त्याला जेवू घातलंत, वर नारळाच्या वड्या बांधून दिल्यात आणि सही मात्र केली नाहीत. वड्या बऱ्या होत्या. जरा कमी साखर चालली असती.

आल्यापासून माझ्या मागं लागलाय. ‘आज्जी, दोन लाइन तर आहेत. लिहून दे ना, असत्य होतं म्हणून. क्या जाता आपका?’ मी म्हटलं, तुझ्या त्या चेतननं तुला मागं उभं केलं तेव्हा तू काय म्हणाला होतास? म्हणाला होता, मागं उभा राहीन पण नुसतं तोंड हलवणार नाही, गाईन. माईक बंद असायचा त्याचा, विहीणबाई. तीन वर्षं बंद माईकमध्ये खरंच गायलं माझं पोरगं. शेवटी एका कार्यक्रमात चुकून चालू राहिला, लोकांना त्याचा आवाज चेतनपेक्षा बरा वाटला, आणि तिथंच त्याचा मिनार पडला, काढून टाकलं त्याला. हे त्यानं आईबापाला सांगितलेलं नाही. त्यांना सांगितलंय की मीच सोडलं. तुम्हीही सांगू नका.

मग मी लिहायला बसले. तीनदा बसले. ‘सदर गीत अस’ इथपर्यंत पेन चालतं, पुढं ‘त्य’ येत नाही. हट्ट म्हणा. तुम्ही तरी कुठं सोडताय?

चौथ्यांदा बसले तेव्हा डोक्यात वेगळंच आलं. हे बघा. दिगंबरला काय मागायचं ते दिगंबरनं मागितलं, तो वकील आहे, त्याला कागद दिसतो. पण रीतीनं बघितलं तर तुमचं माझ्याकडं दिलगिरीचं काही निघत नाही. तुमचं कडवं निघतं. आमच्यात एका बाजूनं गायलं आणि दुसरीनं उत्तर दिलं नाही तर ती पंगत पुरी झाली असं धरत नाहीत. तुम्ही उठून गेलात, उत्तर दिलंच नाहीत. सत्तावीस वर्षं आपली पंगत बसूनच आहे. भात कधीचा निवला.

तर उत्तर द्या. माझ्यावर चार ओळी बांधा. वाटेल ते बोला, नाकाला बोला, रंगाला बोला, शिक्षणाला बोला, मी उठणार नाही. गौतम ते गाण्यात माझ्या कडव्यानंतर घालेल. कंपनीला मी विचारायला लावलं, ते म्हणाले दोन आज्ज्यांचं भांडण म्हटल्यावर तर सोन्याहून पिवळं. आणि ऐका, मग तुमची अब्रू एकटीची जाणार नाही, जोडीनं जाईल.

मात्र एक अट आहे. रचून कुणाकडून घेऊ नका. तुमच्या घरात शिकलेली माणसं फार. दिगंबरनं बांधलेलं मी लगेच ओळखेन, त्यात ‘सदर’ येईल.

जमत नसेल तर तसं कळवा, म्हणजे मी तसं सगळ्यांना सांगेन. आठ दिवस राहिलेत.

भामाबाई

ता.क. मधे कधी इकडं येणं झालं तर डबा घेऊन जा. मी रिकामा पाठवत नाही, आणि काय भरावं ते सुचलेलं नाही.


विद्यानगर
१६ नोव्हेंबर, रविवार

पद्मावतीबाई,

तुमचं पाकीट काल दुपारी दिगंबर स्वतः घेऊन आला. चहा नको म्हणाला. अशील नाराज होईल असं वाटलं असावं. मी तरी ठेवला, दोन कप प्याला.

पाकीट मी गौतमसमोर फोडलं, तीच चूक झाली. तुमचं अक्षर छापल्यासारखं असलं तरी त्याला मराठी वाचता येतं ते बसची पाटी वाचावी तसं, एक एक अक्षर, आणि तोवर बस निघून जाते. म्हणाला, आज्जी, तू वाच. म्हणजे माझ्यावरची शिवी मीच मोठ्यानं वाचायची. वाचली.

विद्यानगरच्या भामाबाई, आवाज वेशीपार,
शब्दाला त्यांच्या धार बाई, विळीला नाही धार.

इथपर्यंत ठीक होतं. गौतम हसला, मीही हसले. विळीचं तुम्हाला कुणी सांगितलं कोण जाणे, खरं आहे, तेव्हा भाजी कापायला बायका रडत होत्या. पुढचं मात्र मी मोठ्यानं वाचलं नाही. पुढं अक्षर लागत नाही, म्हटलं. त्यानं काय करावं? फोनवर फोटो काढून कविताला पाठवला. तिचा लगेच फोन. आणि तिनं तिकडून, स्पीकरवर, सगळ्या घराला ऐकू जाईल असं वाचलं:

लेक निघाली, दाराआड पुसती डोळे दोन.
चूल विझली, पंगत उठली, कांदा चिरतं कोण?

मी फोन हलवून बघितला. मी म्हटलं, नेटवर्क गेलं वाटतं. तर कविता म्हणाली, ‘आई, तू रडली होतीस? मला वाटलं तू सुटलीस म्हणून आत निघून गेलीस.’ सत्तावीस वर्षं तिला असं वाटत होतं. मला कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. मी म्हटलं, अगं ती पद्मावतीबाई, तिला काय कळतंय, ती तर गाडीत बसली होती.

मग तुमच्या पत्राचा खालचा भाग वाचला. गाडी मागच्या दाराशी लावली होती. तुम्ही पंगतीतून उठून त्या गाडीत जाऊन बसलात ते पाठवणीपर्यंत, आणि तिथं पदरातले लाडू खाल्लेत. सकाळपासून उपाशी होतात, मुहूर्त टळून गेला होता, आणि वरमाईनं मागून घ्यायचं नाही, दुसऱ्यांनी आग्रह करायचा, अशी तुमच्या घरची शिस्त. आणि खाता खाता समोर सैपाकघराच्या दाराआड मी दिसले. माझ्या जावेनं विचारलं काय झालं, मी म्हटलं कांदा. तेवढंही तुम्हाला ऐकू गेलं. आणि वर तुम्ही लिहिता की लाडू चार नव्हते, पाच होते. म्हणजे माझं गाणं असत्य होतंच.

असल्या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही.

एक सांगा, सत्तावीस वर्षं हे तुमच्याजवळ होतं. चार माणसांत कधीही काढून मला गप्प करता आलं असतं. गौतमच्या बारशाला मी तुमच्या साडीला बोलले, तेव्हा तरी. का नाही काढलंत? नको, सांगू नका. मला नकोय ते.

कंपनीला दोन्ही कडवी पसंत आहेत. तुमचं कडवं तुमच्याच आवाजात हवं म्हणतात, कारण माझं ते गच्चीतलं माझ्याच आवाजात ठेवलंय. मंगळवारी बोलावलंय. आणि आता ऐका गंमत. तुमच्या कडव्यामुळं माझी अब्रू जाते, म्हणून आता माझ्याही सहीचा कागद लागणार आहे. हे कंपनीला दिगंबरनं सुचवलं. पोरगं हुशार आहे तुमचं.

मी अजून काही ठरवलेलं नाही.

भामाबाई


विद्यानगर
१९ नोव्हेंबर

विहीणबाई,

काल त्या काचेच्या खोलीत तुम्ही गायलात. दुसऱ्या ओळीला ताल सुटला होता. गौतम ‘सुपर, दादी’ म्हणाला, मी काही बोलले नाही, हे लक्षात ठेवा. काचेच्या बाहेर त्यानं मला खुर्ची दिली आणि कानाला ते मोठं यंत्र लावून दिलं, त्यामुळं शेवटच्या दोन ओळी मला दोन्ही कानांत अगदी आत ऐकू आल्या. एकदा नाही, अकरा वेळा. ताल सुटल्यामुळं.

गौतमचं त्यात एकट्याचंच गाणं आहे ना, असं मी त्या कंपनीच्या माणसाला विचारून घेतलं. तो म्हणाला, तुम्ही दोघी आधी भांडणार, मग बाकी सगळं तो एकटा. माईक चालू असणार का तेही विचारलं. चालू म्हणाला.

येताना रिक्षात तुम्ही माझ्याशेजारी बसलात, पार तुमच्या कोठीच्या नाक्यापर्यंत. बरं वाटलं.

तर सोबत दिगंबरनं दिलेला कागद गौतमच्या हाती पाठवतेय. तुमच्या सहीचा त्यानं दाखवला, म्हणून मी माझा भरला. नाव, वय, राहणार, धंदा घरकाम, सगळं लिहिलंय. वयात दोन वर्षं इकडंतिकडं असतील, शाळेचा दाखला सापडत नाही. ‘सदर कडवे प्रसिद्ध करण्यास माझी हरकत नाही’ याखाली सही केलीय. अंगठा नाही, सही.

त्याच्या खाली त्यानं एक ओळ छापलीय: ‘सदर मजकूर खरा / खोटा आहे. नको असेल ते खोडावे.’ दोन्ही खोडलं तर चालेल का, असं मी त्याला फोन करून विचारलं. चालत नाही म्हणाला, एक तरी ठेवावं लागतं.

मी ‘खोटा’ खोडलंय.

भामाबाई